गिधाडांसाठीं दान : जमाखर्च आणि फळ

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत शिबि राजाची कथा रंगविलेली आहे. ससाण्याच्या तावडींतून सुटलेलें एक कबूतर राजाच्या आश्रयास आलें. ससाण्यानें आपलें भक्ष्य परत मागितलें. तेव्हां राजानें कबुतराच्या वजनाइतकें स्वतःचें मांस कापून देण्याचें कबूल केलें. चित्रकार येथें तराजू दाखविण्यास विसरलेला नाहीं. पुढें कबूतर जड जड होत गेलें आणि अखेर राजाला स्वतःच पारड्यांत बसावें लागलें, अशी ती कथा आहे. जीव वांचवावयाचा तर त्यागाबरोबर मापही लागतें, हें त्या जुन्या कथाकारानें गृहीत धरलें होतें. आज शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतून वाघ, गिधाड, कासव, माळढोक यांच्या नांवानें दरवर्षीं देणग्या जातात. कोणी वाढदिवसाच्या निमित्तानें देतो, कोणी वडिलांच्या स्मरणार्थ देतो. त्याग त्यांत असतो. तराजू मात्र क्वचितच बाहेर निघतो. देणगीची पावती फाइलींत जाते, आणि त्या पैशानें एखादा जीव वांचला कीं काय हा प्रश्न तेथेंच मिटतो.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं, आणि त्याचें एक उदाहरण खुद्द अजिंठ्याच्या डोंगरांतच सांपडतें. २८ एप्रिल १८१९ रोजीं मद्रासच्या फौजेंतील जॉन स्मिथ नांवाचा अधिकारी वाघूर नदीच्या त्या वळणावर येऊन पोहोंचला तो वाघाच्या शिकारीच्या निमित्तानें. लेणीं जगाला पुन्हां दिसलीं. वाघ मात्र पुढें या डोंगरांतून नाहींसा झाला. १९८६ मध्यें सातमाळा-अजिंठा रांगेंत गौताळा-औट्रम घाट अभयारण्य जाहीर झालें, तेव्हां तेथें बिबळे होते, वाघ नव्हता. नंतर २०१९ च्या डिसेंबरांत यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यांतून निघालेला, गळ्यांत रेडिओचा पट्टा असलेला एक तरुण वाघ महिनोंमहिने भटकत याच रांगेच्या पूर्व टोकाकडील ज्ञानगंगा अभयारण्यांत आला. आणि २०२१ मध्यें टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ थेट गौताळ्यांत कॅमेऱ्यांत सांपडला. वर्तमानपत्रांनीं आनंद व्यक्त केला, तो योग्यच होता. पण या वाघाचें श्रेय कोणत्या खात्यावर जमा करावें? टिपेश्वरच्या पहारेकऱ्यांच्या, वाटेंत त्याला न मारणाऱ्या शेतकऱ्यांच्या, जंगलाची पट्टी राखणाऱ्या वनखात्याच्या, कीं त्याचें छायाचित्र आपल्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापणाऱ्या एखाद्या संस्थेच्या? छायाचित्र छापण्यास कोणाची हरकत नाहीं; तें फळ म्हणून मोजण्यास मात्र हरकत घेतली पाहिजे.

वाघ हा मोठा पाहुणा. त्याच्या मागें सरकारचा पैसा आणि देशाचा मान उभा असतो. दानाचा हिशेब समजून घ्यावयाचा असेल तर गिधाडाचें उदाहरण अधिक उपयोगी पडतें, कारण त्यांत संस्थेचें काम आणि सरकारचें काम निदान वेगवेगळें पाहतां येतें. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ सालीं मुंबईंत स्थापन झालेली संस्था. तिचे शास्त्रज्ञ विभु प्रकाश हे भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. १९८० च्या दशकांत ज्या झाडांवर गिधाडांचीं घरटीं दाटीवाटीनें असत, तीं झाडें १९९० चें दशक सरतां सरतां ओस पडूं लागलीं. जीं गिधाडें उरलीं होतीं त्यांतलीं कित्येक मान खालीं टाकून बसलेलीं आणि थोड्या दिवसांत मरून पडलेलीं आढळत. नंतरच्या सर्वेक्षणांवरून जो हिशेब निघाला तो असा कीं, १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें ९९.९ टक्क्यांनीं घटलीं. म्हणजे हजारांत एक उरलें. लांब चोचीच्या आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांची घट ९७ टक्क्यांच्या घरांत होती. मुंबईच्या डुंगरवाडीवर पारशी समाजाला अंत्यविधीचा प्रश्न पडला, गांवोगांवच्या ढोरफोडीच्या जागीं कुत्रीं वाढलीं, आणि ज्या पक्ष्याकडे कोणी प्रेमानें पाहिलें नव्हतें त्याची उणीव माणसांना भासूं लागली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, गिधाडें नाहींशीं झाल्यामुळें २००० ते २००५ या काळांत भारतांत सुमारें पांच लाख माणसें अधिक मेलीं असावींत, असा अंदाज मांडलेला आहे. अंदाज कितीही सावधपणें घेतला तरी जमेच्या बाजूला काय लिहावयाचें याची कल्पना त्यावरून येते.

मरण्याचें कारण प्रथम कोणालाच ठाऊक नव्हतें. एखादा संसर्ग असावा असाच तर्क पुष्कळ दिवस चालला. २००४ च्या आरंभीं लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं पाकिस्तानांतील गिधाडांवरून सिद्ध केलें कीं, दोष डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा आहे. आजारी गुरांना हें औषध टोंचीत. तें जनावर मेलें कीं त्याचें मांस खाणाऱ्या गिधाडाचें मूत्रपिंड निकामी होई आणि आंतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढे. शंभर मृत गुरांपैकीं एकाहूनही कमी गुरांत हें औषध असलें तरी गिधाडांचा नाश होण्यास तेवढें पुरतें, असा गणिती हिशेब त्याच वर्षीं दुसऱ्या शास्त्रज्ञांनीं मांडला. भारतांत बंदीपूर्वीं तपासलेल्या मृत गुरांत तें प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतें.

आतां येथें दात्याच्या दृष्टीनें विचार करावा. हरियाणांतील पिंजोर येथें २००१ सालीं गिधाडांचें शुश्रूषा केंद्र सुरू झालें. जागा हरियाणाच्या वनखात्याची, चालविणारी संस्था मुंबईची, आरंभींचा पैसा ब्रिटिश सरकारच्या डार्विन निधींतून आणि तेथील पक्षिसंरक्षण संस्थेकडून आलेला. रोगाचें कारण कळल्यावर या केंद्राचें रूप बदलून तें पैदास-केंद्र झालें. पण गिधाड ही कोंबडी नव्हे. मादी वर्षाला एकच अंडें घालते. पिलूं वयांत येण्यास सुमारें पांच वर्षें लागतात. जोडी जमेल कीं नाहीं हें पक्ष्यांच्याच मर्जीवर असतें. बंदिवासांत जन्मलेलीं पांढऱ्या पाठीचीं गिधाडें पिंजोरहून प्रथम मोकळीं सोडलीं गेलीं तीं २०२० च्या ऑक्टोबरांत, आणि तींही आठच. म्हणजे आरंभापासून एकोणीस वर्षें.

समजा, अशा एखाद्या केंद्राला वर्षाला चाळीस लाख रुपये लागतात. दहाव्या वर्षीं एखाद्या काटेकोर दात्यानें विचारलें कीं चार कोटि रुपयांत किती गिधाडें आकाशांत गेलीं, तर उत्तर 'एकही नाहीं' असें द्यावें लागेल. या उत्तरावरून देणगी बंद करणारा गृहस्थ बेजबाबदार ठरेल, आणि अशा उत्तराकडे दुर्लक्ष करून डोळे मिटून देत राहणारा गृहस्थ भोळा ठरेल. मधला मार्ग असा कीं, दहाव्या वर्षीं काय व्हावयास हवें होतें हें पहिल्याच वर्षीं संस्थेनें लिहून दिलें होतें काय, तें पाहावें. अमुक वर्षांत अमुक जोड्या जमतील, अमुक अंडीं उबतील, इतकीं पिलें जगतील, आणि बाहेरचें रान विषमुक्त झाल्याखेरीज एकही पक्षी सोडणार नाहीं. असा आराखडा आधीं लिहिलेला असेल, तर आठव्या वर्षीं अंड्यांची संख्या कमी पडली हें संस्थेला लपवितां येत नाहीं आणि दात्यालाही उगीच संशय घेतां येत नाहीं.

शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे. पिंजऱ्यांत कितीही गिधाडें वाढविलीं आणि बाहेर विषारी मांस तसेंच पडून राहिलें, तर तो सारा खर्च विषाच्या ताटावर पाहुणे वाढविण्यासारखा होईल. म्हणून या संस्थांच्या कामाचें खरें मोठें फळ पिंजऱ्याबाहेरचें आहे. भारत सरकारनें २००६ मध्यें गुरांसाठीं डायक्लोफेनॅक बनविण्यास बंदी केली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हें पर्यायी औषध गिधाडांना अपाय करीत नाहीं असें प्रयोगानें दाखविण्यांत आलें. बंदी टिकावयाची तर शेतकऱ्याच्या हातांत दुसरें औषध असलें पाहिजे, हें त्यामागचें धोरण. माणसांसाठीं मिळणाऱ्या मोठ्या कुप्या गुरांसाठीं वापरल्या जातात असें दिसून आल्यावर २०१५ मध्यें कुपीचा आकार तीन मिलिलिटरवर आणला गेला. २०२३ मध्यें केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांच्या, व २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडच्या पशुवापरावर बंदी आली. या निर्णयांमागें प्रयोगशाळेंतलीं परीक्षणें, कचेऱ्यांतल्या येरझारा, न्यायालयांतले दावे आणि कंटाळवाणी पत्रापत्री आहे. जमाखर्चांत हें सारें 'प्रवासखर्च', 'पगार', 'छपाई', 'कायदेशीर सल्ला' अशा रुक्ष मथळ्यांखालीं पडतें. पक्ष्याला मांस घालण्याचा खर्च मात्र पाहतांच मनाला पटतो. (तो खर्चही साधा नव्हे. पैदास-केंद्रांतील पक्ष्यांना द्यावयाच्या बकऱ्या आधीं कांहीं दिवस राखून ठेवतात, म्हणजे त्यांच्या अंगांत एखादें औषध असलेंच तर तें निघून जावें.)

येथेंच दात्यांच्या एका आवडत्या समजुतीची गांठ पडते. 'संस्था प्रशासनावर किती टक्के खर्च करते?' हा प्रश्न विचारला कीं आपण चिकित्सा केली असें पुष्कळांना वाटतें. हा प्रश्न निरर्थक नाहीं, पण अपुरा आहे. गिधाडाचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञाचा पगार हा प्रशासन कीं प्रत्यक्ष कार्य? एक संस्था तो एका खान्यांत टाकील, दुसरी दुसऱ्या. श्रीमंतांसाठीं भरविलेल्या मेजवानीचा खर्च कोणी 'जनजागृति' म्हणून दाखवील. हिशेब तपासनीस त्यावर सही करील, कारण रुपये खरोखरच खर्च झालेले असतात. परदेशी देणग्यांच्या कायद्यांत २०२० सालीं दुरुस्ती होऊन अशा देणगींतून प्रशासनावर करावयाच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देण्यासही मनाई झाली. मर्यादा घातली कीं काटकसर होते हें खरें; पण खर्चाचे खाने बदलण्याचा मोहही त्याबरोबरच वाढतो. टक्केवारीचें प्रमाण तीन-चार वर्षें एकसारखें राहतें कीं एकाएकीं सुधारतें, आणि सुधारलें तर कां, एवढें विचारल्यानें पुष्कळ गोष्टी कळतात.

महाराष्ट्रांतील नोंदलेल्या विश्वस्त संस्थेला १९५० च्या कायद्यान्वयें दरवर्षीं हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत पाठवावे लागतात. ताळेबंद आठव्या अनुसूचीच्या नमुन्यांत, आणि उत्पन्न-खर्चाचें पत्रक नवव्या अनुसूचीच्या नमुन्यांत. या नवव्या अनुसूचीकडे नीट पाहिलें तर एक गंमत दिसते. संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्चाचे त्यांत पांच खाने आहेत : धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत, आणि इतर धर्मादाय कार्यें. पशुपक्ष्यांना त्यांत स्वतःचें घर नाहीं. गिधाड, कासव, माळढोक हीं सारीं त्या शेवटच्या 'इतर' मध्यें एकत्र कोंबलेलीं असतात. म्हणजे कायद्यानें मागितलेला कागद संपूर्ण खरा असूनही गिधाडांच्या नांवानें आलेल्या देणगीचें काय झालें हें त्यावरून कळत नाहीं. त्यासाठीं ताळेबंदाच्या डाव्या बाजूला जावें लागतें. तेथें कायम निधि आणि विशिष्ट कार्यासाठीं राखलेले निधि वेगवेगळे दाखविलेले असतात. गिधाडांचा निधि वर्षाच्या आरंभीं किती होता, त्यांत किती भर पडली, किती खर्ची पडला आणि किती शिल्लक राहिला, हे चार आकडे संस्थेकडे मागावे. देण्यास खळखळ झाली तर तीच एक माहिती समजावी.

मोठी शिल्लक दिसली म्हणजे संस्था पैसा दाबून बसली आहे, असा निष्कर्षही घाईचा होईल. आयकराच्या कायद्याप्रमाणें धर्मादाय संस्थेनें वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर लावावा, न जमल्यास प्रयोजन नोंदवून तो पांच वर्षांपर्यंत राखून ठेवावा, अशी व्यवस्था आहे. शाळा किंवा दवाखाना चालविणाऱ्या संस्थेला हा नियम सहज पाळतां येतो. एकोणीस वर्षांनीं पहिला पक्षी सोडणाऱ्या कामाला पांच वर्षांचें माप तोकडें पडतें. गिधाडांना मार्चअखेर ठाऊक नसते. निधि आटला म्हणून पैदास-केंद्रांतील पक्ष्यांना दोन वर्षें उपाशी ठेवतां येत नाहीं. म्हणून कायम निधीच्या व्याजावर रोजचा चारापाणी चालविणारी संस्था, दरवर्षीं नव्या दात्यामागें धांवणाऱ्या संस्थेपेक्षां, कमी आकर्षक पण अधिक भरंवशाची असते.

जमाखर्चाचें इतकें झालें. फळाच्या बाजूचे कागद याहून फसवे असतात. त्याचा सर्वांत कटु धडा राजस्थानांतील सरिस्का येथें मिळाला. १९७२ च्या गणनेंत देशांत १८२७ वाघ भरले. त्याच सुमारास जागतिक वन्यजीव निधीनें वाघांसाठीं दहा लाख डॉलर जमविण्याचें वचन दिलें, आणि १ एप्रिल १९७३ रोजीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. सरिस्का त्यानंतर थोड्याच वर्षांत प्रकल्पांत आलें. तेथें वर्षानुवर्षें पंजाच्या ठशांवरून वाघ मोजीत. गणना खात्याचे लोक करीत, आणि वाघ वाढले तर कौतुक त्यांचेंच होई. २००४ सालीं कागदावर पंधराहून अधिक वाघ होते. २००५ च्या आरंभीं शोध घेतला तेव्हां रानांत एकही नव्हता. शिकाऱ्यांनीं सारे मारून नेले होते. पगार झाले होते, गाड्यांना पेट्रोल मिळालें होतें, हिशेबांत एका रुपयाची चूक निघाली नसती. पण ज्याच्यासाठीं तो खर्च, तोच नव्हता. यानंतर मोजणीची पद्धत बदलली, कॅमेरे आले, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखूं लागले. नव्या पद्धतीनें २००६ सालचा पहिला देशव्यापी आंकडा १४११ असा उतरला. २०२२ चा किमान ३१६७. या दोहोंची तुलना करतां येते. १८२७ आणि १४११ यांची करतां येत नाहीं, कारण मापच निराळें आहे. वार्षिक अहवालांत 'वाढ' हा शब्द दिसला कीं मोजणारा कोण आणि माप तेंच आहे काय, हें विचारावयाचें तें एवढ्यासाठीं.

क्षेत्रफळ हें दुसरें फसवें माप. सोलापूरजवळ नान्नज येथें माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य जाहीर झालें, तें थोडेंथोडकें नव्हे, ८,४९६ चौरस किलोमीटरचें. त्यांत गांवें, शेतें, रस्ते, सारें आलें. कागदावर देशांतील अत्यंत विस्तीर्ण अभयारण्यांपैकीं तें एक झालें, आणि जमीन विकतांना अडचण येऊं लागल्यानें ज्या शेतकऱ्याच्या माळावर हा पक्षी उतरे तोच त्याच्यावर रुष्ट झाला. पुढें तें क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावें लागलें. महाराष्ट्रांतून माळढोक तोंवर जवळजवळ नाहींसा झाला होता. 'इतकें क्षेत्र संरक्षणाखालीं आणलें' या वाक्यावर आनंदानें देणगी देणाऱ्यानें हा इतिहास लक्षांत ठेवावा.

आणि तिसरें माप सोडलेल्या पिलांचें. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ च्या सुमारास समुद्रकासवांच्या अंड्यांचें रक्षण सुरू केलें. त्यापूर्वीं कुत्रीं, कोल्हीं आणि माणसें मिळून फारशीं अंडीं शिल्लक ठेवीत नसत. आज तेथें पहाटे पिलें समुद्रांत शिरतांना पाहण्यासाठीं पुण्यामुंबईचे लोक येतात. दृश्य मोठें हृदयंगम असतें. पण हजार पिलांतून एखादेंच मोठें होतें असा सर्वसाधारण अंदाज आहे, आणि मादी अंडीं घालण्यास परत येते ती दहाएक वर्षांनीं किंवा त्याहून उशिरां. म्हणून 'यंदा इतकीं हजार पिलें सोडलीं' ही फळाची नोंद नव्हे, कामाची नोंद आहे. फळ पाहावयाचें तर किनाऱ्यावर दरवर्षीं किती घरटीं होतात याची वीस-पंचवीस वर्षांची एकसारखी यादी हवी. तीही सावधपणें वाचावी. २०२१ सालीं ओडिशांत बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्यें गुहागरच्या किनाऱ्यावर अंडीं घालतांना आढळली. म्हणजे पूर्वेकडील किनाऱ्याच्या खर्चाचें फळ पश्चिमेकडील अहवालांत जमा होऊं शकतें. वेळासची एक जमा मात्र संस्थेच्या ताळेबंदांत कोठेंच दिसणार नाहीं. पाहुण्यांच्या जेवणाखाणाचा व राहण्याचा पैसा गांवच्या घरांत जातो, आणि अंडें विकण्यापेक्षां तें राखण्यांत लाभ आहे हें त्या घरांना पटलेलें आहे. संस्थेचा खर्च कमी होत जाऊन काम चालूं राहिलें, तर तें अपयश नसून उलट आहे. देणगीदारांना हें समजावून सांगणें संस्थांना अवघड वाटतें, कारण वाढता खर्च दाखविण्याची संवय दोघांनाही झालेली असते.

गिधाडांकडे परत यावयाचें तर त्यांच्या बाबतींत मोजणीची रीत पुष्कळ अंशीं चोख राहिली, असें म्हणावें लागेल. १९९० च्या दशकारंभीं ज्या रस्त्यांवरून मोटारींतून पक्षी मोजले होते, त्याच रस्त्यांवरून २०००, २००२, २००३, २००७, २०११ आणि २०१५ सालीं पुन्हां मोजले. आणि कोसळती रेषा २००७ नंतर मंदावली, पण पूर्वीची भरती आली नाहीं, असें त्या संस्थेच्याच शास्त्रज्ञांनीं छापून सांगितलें. वाईट बातमी स्वतः छापणारी संस्था ही विश्वासाला पात्र असते. गुळगुळीत कागदावरील अहवालाहून हा पुरावा मोठा. २०२४ च्या जानेवारींत पिंजोरहून वीस गिधाडें महाराष्ट्रांत आणलीं गेलीं, दहा पांढऱ्या पाठीचीं पेंचला आणि दहा लांब चोचीचीं ताडोब्याला. कांहीं महिने मोठ्या पिंजऱ्यांत ठेवून त्या वर्षीं त्यांना सोडण्यांत आलें. त्यांतलीं कांहीं दगावलीं. ताडोब्याचें एक गिधाड तर हजारों किलोमीटर भटकत तामिळनाडूपर्यंत गेलें आणि तेथें विजेच्या धक्क्यानें मेलें. पाठीवरील यंत्रामुळें हें कळलें. यंत्र लावलें नसतें तर 'वीस गिधाडें निसर्गांत सोडलीं' एवढेंच वाक्य उरलें असतें, आणि तें खोटेंही ठरलें नसतें. हीच वीस गिधाडें राज्याच्या वनखात्याच्या, संस्थेच्या आणि पैसे पुरविणाऱ्यांच्या अहवालांत निरनिराळीं दिसतील. वाचणाऱ्यानें तीं साठ धरूं नयेत.

त्या यंत्राचा व तें पाहत बसणाऱ्या माणसाचा खर्च देणगीदारांना नकोसा असतो. पक्ष्याच्या पिंजऱ्यावर नांवाची पाटी लावतां येते, मोजणीवर लावतां येत नाहीं. परंतु या साऱ्या कार्यांतील अत्यंत स्वस्त व अत्यंत निर्णायक मोजणी रानांत झालेलीच नाहीं. ती औषधांच्या दुकानांत झाली. बंदीनंतर २००७ ते २०१० या काळांत अकरा राज्यांतील अडीचशेंहून अधिक दुकानांत सर्वेक्षक गेले. आजारी गुरासाठीं दुखण्यावरचें औषध हवें, एवढेंच गिऱ्हाइकाप्रमाणें विचारावयाचें, आणि दुकानदार कोणती कुपी पुढें करतो तें टिपून घ्यावयाचें. ७० टक्के दुकानांत मेलॉक्सिकॅम होतें. पण ३६ टक्के दुकानांत डायक्लोफेनॅकही मिळालें, माणसांसाठीं म्हणून बनविलेलें. मोठ्या कुपीवर पुढें जी बंदी आली तिची निकड या आकड्यांनींच दाखवून दिली. निमेसुलाइडची बंदी अजून ताजी आहे. मराठवाड्यांतील तालुक्याच्या गांवीं बाजाराच्या दिवशीं बैलाच्या दुखऱ्या पायासाठीं कोणी औषध मागितलें, तर फळीवरून कोणती कुपी खालीं उतरते, हें पुन्हां जाऊन पाहावें लागेल. गिधाडांसाठीं पैसे मागणाऱ्या संस्थेच्या पुढल्या अंदाजपत्रकांत या फेरीसाठीं किती रुपये धरले आहेत, हें देणगीचा धनादेश लिहिण्यापूर्वीं पाहून घ्यावें.